किल्लेदार

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत जा, एसीच्या थेट झोताखाली स्वेटर घालून बसलेला एक गृहस्थ हमखास दिसतो. हुद्दा सिस्टीम ॲडमिन. पोरं तोंडावर ‘सर’ म्हणतात, माघारी ‘किल्लेदार’. सर्व्हरवर कुणाला किती अधिकार द्यायचे, हे तेच ठरवतात. म्हणजे बहुधा द्यायचे नाहीत असंच ठरवतात.

नवा डेव्हलपर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने कमांड चालवायला ऐटीत ‘सूडो’ टाइप करतो, पासवर्ड देतो आणि पडद्यावर येतं की तुझं नाव सूडोअर्स फाइलमध्ये नाही, झाल्या प्रकाराची खबर दिली जाईल. पोराच्या पोटात गोळा. खबर कुणाला? एचआरला? क्लायंटला? खरं तर ती लॉगमध्ये पडते, फार तर रूटच्या मेलबॉक्समध्ये जाते. आणि तो मेलबॉक्स किल्लेदारांनी गेल्या दिवाळीपासून उघडलेला नसतो.

“सर, फक्त एनजिनएक्स रीस्टार्ट करायचंय.”

“आज एनजिनएक्स म्हणशील, उद्या अख्खी डिस्क पुसशील. तिकीट टाक.”

त्यांची धास्ती अगदीच खोटी नाही. एखाद्याला सूडोने फक्त व्हीआय एडिटर उघडायची मुभा द्यावी, तर तो गडी एडिटरच्या आतूनच शेल उघडून रूट होऊन बसतो. हा किस्सा सांगताना किल्लेदारांचा आवाज भुताच्या गोष्टीसारखा खाली येतो. सूडोअर्स फाइलीत बदल करायचा तर ते व्हीआयसूडोच वापरतात, कारण सेव्ह करण्याआधी ते व्याकरण तपासतं. स्वतःच्या नावापुढे मात्र ‘नोपासवर्ड’ लिहून घेतलेलं असतं. तेवढं चालायचंच.

गंमत म्हणजे 1980 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सूडो लिहिलं ते अधिकार वाटता यावेत म्हणून. रूटचा पासवर्ड न सांगता नेमकी कामं नेमक्या माणसांना सोपवायची सोय. किल्लेदारांच्या हाती ती सोय नकार देण्याचं यंत्र झाली आहे.

क्वचित मॅनेजरचा फोन येतो आणि नाइलाज होतो. मग पोराला सूडो गटात घालायला ‘यूझरमॉड’ची कमांड. एकदा त्यात ‘जी’च्या आधीचा छोटा ‘ए’ राहिला आणि पोरगं सूडो गटात आलं खरं, पण बाकीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकलं गेलं. “लॉगआउट करून परत ये,” एवढंच बोलून सर चहाला गेले.

कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या बाबतीत मात्र ते कर्णाचे अवतार. जो येईल त्याला डॉकर गटात घालतात, तिकीटसुद्धा मागत नाहीत. आता डॉकर गटातला माणूस सर्व्हरची अख्खी डिस्क कंटेनरला जोडून आत रूट म्हणून हवं ते करू शकतो. डॉकरवाल्यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत तसा इशाराही दिलेला आहे. खिडकीपाशी बसणाऱ्या दोघा पोरांना हे कधीच कळलंय. तरीही एनजिनएक्ससाठी ती नेमाने तिकीट टाकतात. सरांना बरं वाटतं.