तसा रकाना नाही

"पोट आत नका घेऊ, काका. श्वास सोडा."

"सोडलाच आहे."

"खोटं," चुलीजवळून काकू म्हणाल्या. "लग्नाच्या फोटोतबी असेच रोखून उभे होते."

आशाताईंची फीत 98 सेंटिमीटरवर थांबली. पुरुषाची कंबर 90 च्या वर गेली की गुण चढतात, बाईची 80 च्या वर. तिशीपुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा. वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, घराण्यातला बीपी आणि साखर, सगळ्यांची बेरीज करायची, ती 4 च्या वर गेली की माणसाला तपासणीला आधी धाडायचं. दर्यापूर तालुक्यातल्या त्या ओसरीवर काकांचं अर्धं गणित खर्ऱ्यापाशीच फसलं होतं.

"आठवड्याले दीडशे मिनिटं चालनं-फिरनं होते का?"

"मले विचारा," काकू म्हणाल्या. "आरोच्या जारसाठी रोज गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तंगडतोड. दीडशे मिनिटं तं तिथंच होतात. लिहा, पान्यापायी."

"पान्यापायी असा रकाना नाई, काकू. हो का नाही, एवढंच. सैपाक कायवर? लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल का गॅस?"

"गॅस आहे, चूलबी आहे. पन बाई, खाली काय जळते ते विचारलं, वर काय उकळते ते नाई विचारलं?"

काकूंनी गंज आणून ताईंपुढे पालथा धरला. आतून पांढरा थर बसलेला. नखानं खरवडला तर नखात चुना भरल्यासारखं झालं. "या पान्यात तुरीची दाळ शिजत नाई. माहं माहेर तेल्हारा तालुक्यात, 84 खेडी योजनेतलं. तिथं वानचं पानी. हीच दाळ दोन शिट्ट्यांत गरगट होते. लिहा."

"तसा रकाना नाई."

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. विहीर खणली तरी खारं आणि बोअर मारली तरी खारंच. काका पेपरवाले, आपलं पोट विसरून ते मदतीला धावले. "सरकारी मापानं लिटरात 500 मिलिग्रॅमपर्यंतच क्षार पायजेत. दुसरी सोयच नसली तं 2000 पर्यंत चालतात."

"म्हनजे सोय नसली का मानूस चौपट मजबूत होते वाटते!"

ताईंना हसू आलं, ते त्यांनी फॉर्मखाली लपवलं.

"या गल्लीत मुतखडा कोन्या घरात नाई, सांगा बरं."

"पन काकू, ते पान्यानंच होते असं सिद्ध कुठं झालं?"

"मी कुठं म्हन्ते झालं? तुमी विचारसानच नाई, तं सिद्ध होईन कसं?"

"पान्याचं खातं वेगळं. गावातल्या पाच बायाईले किट देल्ली ना तपासाले."

"हाव. तिकडं बाटली जाते, इकडं कंबर. दोघाईची भेट कुठं होते?"

"समिती आहे ना," काका म्हणाले. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. वर्षाला 10,000 रुपयांचा निधी, आणि पाटी अशी लांब की एका दमात वाचताना काकांचं पोट खरोखरच आत गेलं.

"नावात तं पानी आलं," काकू म्हणाल्या. "नळाले कधी?"

काकांना 2007 आठवलं. राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. मेळघाटात जनसुनवाया व्हायच्या, गावकरी डॉक्टरला आणि साहेबाला उभं करून जाब विचारायचे.

"तिकडं लोकं साहेबाले विचारत. इथं साहेब आमाले विचारतात, अन् तेबी कंबर."

ताईंनी पान उलटलं. "शेवटचं. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाई, उदास वाटलं, असं झालं का?"

"कापसाच्या भावाचा रकाना आहे का?" काका म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही. काकूंनी गंज सरळ करून बाजूला ठेवला.

"माही चेष्टा करता का?" ताईंचा आवाज चढला. "मीबी हेच पानी पेते. फॉर्म वरून येते, मी छापत नाई. एका फॉर्मचं जे भेटते त्यात एक जार तरी येते का, ते विचारा कोनाले तरी. सकाळपासून अकरा घरं झाली."

"तुले नाई म्हनलं, बाई," काकू म्हणाल्या. "तू दारात येते म्हनून तुले सांगते. दुसरं येते कोन?"

चहा झाला. जारच्या पाण्याचा. काकांची बेरीज 6 निघाली. बुधवारी केंद्रात यायचं असं ताईंनी बजावलं आणि पिशवी उचलली.

"शेजारचे आहेत का घरी?"

"अमरावतीले गेले, डायलिसिसले. मंगळवार अन् शुक्रवार, दोन वारं जा लागते."

ताईंनी उंबऱ्यातच वही उघडली, तारीख टाकली आणि शेजारच्या घरापुढे लिहिलं: घर बंद.