राळेगावात सेकंड हँड वेग

सचिन तेंडुलकरला भेट मिळालेली फेरारी 360 मॉडेना 2011 मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्याकडे गेली. म्हणजे तीही सेकंड हँडच! फक्त तिच्या सीमाशुल्काचाच आकडा कोटीपार होता.

राळेगावात कापूस विकून वेगाची हौस भागवायची तर फियाट पालिओ 1.6 बघावी. सचिनच्या सहीची पालिओही निघाली होतीच. विकणारा छातीठोक सांगतो, “डॉक्टरसायबाची गाडी हाय भाऊ, घरीच उभी रायची.” मीटर तीस हजार दाखवतं, क्लचच्या पेडलच्या रबराला मात्र टक्कल पडलेलं.

सुट्या भागांसाठी यवतमाळ, मग नागपूर, मग देव.

पंधरा वर्षं उलटल्याने फेरनोंदणी आणि पर्यावरण कर वेगळाच. वडकीला राष्ट्रीय महामार्ग 44 लागतो खरा. तिथवर वेग ठरवणार गतिरोधक आणि कापसाच्या बंड्या.