बदली, बंड आणि बाळापूर

अकोल्याच्या पानठेल्यावर निवृत्त मास्तर बसची वाट पाहत उभे. पानठेलेवाल्यानं विचारलं, "आज कोन्या राजाचा नंबर, मास्तर?"

"राजा नव्हे, सुभेदार. मीर कमरुद्दीन, म्हणजे निजामुल्मुल्क. १७१३मध्ये त्याला दख्खनची सुभेदारी मिळाली, १७१५मध्ये गेली."

"बदली! कोन्या आमदाराशी बिनसलं व्हतं?"

"दोघांशी. सय्यद बंधू. बादशहाला बसवायचे, उठवायचे तेच. फिरत फिरत हा माळव्यात पोचला आणि १७२०मध्ये हुकूम नसताना नर्मदा उतरला."

"हेडक्वार्टर सोडलं! मंग मेमो?"

"मेमोऐवजी फौज आली. ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ सय्यदांचा पुतण्या आलम अली खान आडवा आला. सोबतीला मराठे. पुतण्या पडला."

बाळापूरला पाहुण्यांना किल्ला दाखवतात, छत्री दाखवतात. लढाईचं नाव कुणी काढत नाही, हे मास्तरांचं जुनं दुखणं.

"मंग निलंबन झालं असंन?"

"सय्यदच संपले. १७२२मध्ये हा दिल्लीत वजीर!"

चुना लावणारं बोट थांबलं. "बाप्पा!"

"तिथं पटेना, म्हणून परत दक्षिणेत. बादशहानं आतून हैदराबादच्या मुबारिज खानाला चढवलं. ११ ऑक्टोबर १७२४, आपलं बुलढाण्याचं साखरखेर्डा. मुबारिज मेला. निजामानं त्याचं मुंडकं दिल्लीला धाडलं, बंडखोराचं म्हणून."

"ज्यानं चढवलं, त्यालेच?"

"त्यालाच. पुढं बादशहानं 'आसफजाह' किताब दिला."

"आन मराठे?"

"या खेपेला बाजीराव निजामाच्या बाजूनं."

"युती!"

"१७२८मध्ये त्याच बाजीरावानं पालखेडला त्याला कोंडलं."

"तुटली."

कापसाचा भाव विचारून परतलेला एक कास्तकार एवढा वेळ गप्प होता. "मास्तर, आपल्या वऱ्हाडातला वसूल कोनाले जाये?"

"चौथाई मराठ्यांना, वर दहावा हिस्सा सरदेशमुखी. अचलपूरला निजामाचा सुभेदार, गावोगाव भोसल्यांची माणसं. नाणं मात्र बादशहाच्या नावाचं."

"म्हंजे दोघंबी घेत, पावती तिसऱ्याची," कास्तकार म्हणाला.

बस आली. मास्तरांनी बारा रुपयांच्या पानाचे तीन रुपये ठेवले. "ही चौथाई. बाकी दिल्लीच्या नावावर लिही."

"लिवतो जी," पानठेलेवाला ओरडला, "पन सरदेशमुखी?"