आधी पंखा, मग पराक्रम

घरातल्या घरात सायकल चालवायचं ठरलं की माणूस आधी ट्रेनरच्या, म्हणजे सायकल जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या यंत्राच्या, अचूकतेवर बोलू लागतो. मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसते तो डायरेक्ट ड्राइव्ह घ्यावा की टायरला रोलर टेकवणारा साधा, जोर मोजण्यातली चूक एक टक्का चालेल की दोन, यावर रात्री जागवल्या जातात. पंख्याचं नाव कुणी काढत नाही. शरीराचा हिशेब मात्र सरळ आहे: खर्चलेल्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते. म्हणजे १५० वॉटचा जोर लावणारा गडी स्वतः ४५० ते ६०० वॉटची शेगडी असतो. रस्त्यावर ही शेगडी वारा फुकट निववतो. दिवाणखान्यात सायकल जागची हलत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. तोही हँडलच्या बेअरिंगवर, गंज चढवायला.

‘पण आकडे अचूक नकोत का?’ शर्यतीची तयारी करणाऱ्याला हवेत, कबूल. बाकीच्यांची तुलना कालच्या स्वतःशीच असते. यंत्र रोज सारखंच चुकत असेल तर भागतं. महाग ट्रेनर आवाज कमी करतो, हे मात्र खरं, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी त्याबद्दल दुवा देतील. एसीचं म्हणाल, तर तो खोली थंड करतो. अंगावरून वारा वाहवत नाही. तेव्हा पहिली खरेदी पंख्याचीच. पुढे सायकलवर कपडे वाळत पडलेच, तर तिथेही तोच उपयोगी पडेल.