भूकपारखी

आमच्या मजल्यावर ‘भूक लागली’ हे वाक्य मोठ्याने म्हणायची सोय राहिलेली नाही. लिफ्टपाशी, जिन्यात, कुठेही ते तोंडातून निसटलं की समोरच्या दाराची कडी वाजते आणि नाना बाहेर येतात.

“कशावरून?”

आता याला काय उत्तर देणार? माझा पुतण्या एकदा भाबडेपणाने म्हणाला, “पोटावरून.” झालं. नानांनी त्याला चपला घालू दिल्या नाहीत. शेवटचं कधी खाल्लंस? भूक हळूहळू चढत आली की एकदम उसळली? पोटात लागली की तोंडात? आणि शेवटी त्यांचा हुकमी प्रश्न : “आत्ता समोर दोडक्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी ठेवली, तर खाशील?”

“छे! वडापाव पाहिजे.”

नानांनी माझ्याकडे बघून खिन्नपणे मान हलवली. “खोटी आहे,” ते म्हणाले. “जप्त करा.”

‘जप्त’ हा शब्द त्यांच्या तोंडात उगाच आलेला नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका बँकेत कॅश काउंटरवर काढली. खोटी नोट बँक गिऱ्हाइकाला परत देत नाही, ठेवून घेते, हे त्यांनी आजवर आम्हाला अनेकदा ऐकवलंय. नोट हातात आली की अंगठ्याने नुसती चोळायची, मग उजेडात धरून गांधीजींचं जलचिन्ह बघायचं, धागा बघायचा आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचं, “ही कुठून आणलीत?” २०१६च्या नोव्हेंबरातल्या रांगा उपसून ते पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि घरात येऊन बघतात तो पारखायला काहीच नाही. वर्षभर दुधातलं पाणी आणि हापूसच्या पेटीत खाली दडवलेला कर्नाटकी आंबा यांवर त्यांनी कसेबसे दिवस काढले. माई सांगतात, “त्या वर्षी मी मीठ घातलं तरी बोटाने चोळून बघायचे.”

अशा माणसाच्या हाती भूक लागली ती एका व्याख्यानात.

तुम्हाला आठवत असेल, त्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांत उरका आणि मधे काही तोंडात टाकू नका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खात राहा. आमच्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणारा गट यावरून उभा फुटला. एक पक्ष ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर तोडायचा, दुसरा बाकावर बसून डबा उघडायचा. दीक्षितांच्या योजनेचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारात आहे, हे कळल्यावर नाना कायमचे पहिल्या पक्षात गेले. ज्या माणसाने एवढ्या परीक्षा दिल्या, त्याने भुकेचीही परीक्षा घेतलीच असणार, असं त्यांचं म्हणणं.

बाकी सगळ्यांनी त्या व्याख्यानातून ‘५५ मिनिटं’ उचलली. नानांनी ‘कडकडून’ उचललं. ५५ मिनिटं काय, कोणतंही घड्याळ मोजेल. पण भूक कडकडून लागली की नुसतीच चाळवली, हे सांगणार कोण? तिथे अनुभवी माणूस हवा.

दुसऱ्या दिवशी लांबट, लाल पाठीचं एक रजिस्टर आलं. रकाने आखले गेले : वेळ, ठिकाण, लक्षणे, निर्णय, शेरा. मला ते वाचायला मिळालंय, कारण शेजारी असल्यामुळे मी साक्षीदार म्हणून सही करतो.

‘सकाळी १०.४०. बाल्कनी. पोटात पोकळी. खोटी. पहिल्या मजल्यावर कांद्याची फोडणी.’

‘११.२५. बैठकीची खोली. जांभई, चिडचिड. संशयास्पद. पाणी पाजून पुन्हा तपासणे.’

‘११.४०. पाणी पाजले. गेली.’

‘४.१०. माईच्या माहेरचे आले. प्लेटमध्ये चकली. भूक खरी, पण वेळ अमान्य. परत पाठवली.’ (भूक परत पाठवली, चकली नव्हे. चकलीबद्दल रजिस्टर काही बोलत नाही.)

रजिस्टरापाठोपाठ वाचन आलं. माणूस निवृत्त असला, घरात इंटरनेट असलं आणि बायकोने बोलणं सोडून दिलेलं असलं, की ज्ञानाला अंत राहत नाही. पोटात कावळे ओरडतात हा गैरसमज आहे, असं नाना सांगतात. पोट रिकामं झालं की साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यांपर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलासुरला ऐवज पुढे ढकलते. म्हणजे गुरगुर होते ती झाडलोट. “तुमच्या घरी झाडूवाली आली म्हणून तुम्ही पानं वाढायला घेता का?” हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे, हे मला मान्य करावं लागलं.

मग भुकेचं संप्रेरक. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते शोधलं, नाव ‘घ्रेलिन’. मुख्यतः जठरातून सुटतं आणि मेंदूला वर्दी देतं. पण त्यातली मेख अशी, की तुमची रोजची जेवायची वेळ जवळ आली की ते आपसूक चढतं आणि तुम्ही नाही जेवलात तरी काही वेळाने उतरतं. नाना याला ‘वेळेवर येणारा शिपाई’ म्हणतात. साहेब जागेवर असो नसो, शिपाई घंटी वाजवून जातो.

आणि सगळ्यात लाडकी गोष्ट वॉशबर्नच्या फुग्याची. १९१२ साली अमेरिकेत कॅनन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या वॉशबर्न या विद्यार्थ्याने नळी जोडलेला रबरी फुगा गिळला. जठर आवळलं की फुगा दाबला जाई आणि त्याची नोंद कागदावर उमटे. वॉशबर्न आपल्याला भूक कधी लागली ते वेगळं नोंदवी. दोन्ही नोंदी जुळल्या. हे सांगताना नानांचा आवाज भरून येतो. दोन नोंदी जुळल्या की कॅशियर माणूस हळवा होतो, त्याला इलाज नाही. पुढे जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते असं दिसलं, हा उत्तरार्ध मात्र ते सांगत नाहीत. तो मी शोधून काढला आणि माईंना सांगितला. त्या म्हणाल्या, “मग यांचं जठर राहू दे. दुसरंच काही काढायला हवं.”

हे सगळं गमतीचं वाटत असेल तर एक दिवस सांगतो, तेव्हा आम्ही कोणी हसलो नाही. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा मधुमेहाची गोळी घेऊन, न्याहारी न करता बागेत आले होते. बाकावर बसले आणि म्हणाले, “नाना, काहीतरी खायला द्या हो.” हात थरथरत होते, कपाळावर घाम. नानांनी सवयीने विचारलं, “हळूहळू आली की एकदम?” अण्णा म्हणाले, “एकदम.” नानांच्या शास्त्रात एकदम येणारी भूक खोटी. ते दोडक्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात अण्णा भलतंच काहीतरी बरळू लागले. बी विंगमधली नर्सिंग शिकणारी मुलगी धावत आली. अण्णा अजून गिळू शकतायत हे तिने पाहिलं आणि चहाच्या टपरीवरून आणलेलं साखरेचं दाट पाणी घोट घोट पाजलं. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की असं होतं, गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारून, हे तिने नानांना शांतपणे सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर बरं, असं नाना मला नंतर म्हणाले. चार दिवस त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. पाचव्या दिवशी पहिल्या पानावर तांबड्या शाईत ओळ आली : ‘मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्याची भूक तपासू नये. प्रथम साखर, नंतर चौकशी.’ तेव्हापासून त्यांच्या खिशात ग्लुकोजच्या पुड्या असतात. हा माणूस विक्षिप्त आहे, पण चूक झाली की ती खतावणीत घेतो. असे फार नसतात.

खरी पंचाईत एकादशीची. माईंची एकादशी लग्नाच्या आधीपासूनची. त्या ती करतात म्हणजे नुसती करतात. त्याबद्दल बोलत नाहीत. नाना ती करत नाहीत, तिच्याबद्दल बोलतात. “एकादशी दुप्पट खाशी” ही म्हण त्यांनी या घरात एवढ्या वेळा उच्चारली आहे, की पोपट असता तर विठू विठू सोडून हेच बोलला असता. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली, हे ते फराळाच्या ताटासमोर बसून सांगतात. खरं आहे ते. विठोबाच्या नावाने आपण जी पंगत मांडतो, तिच्यातली बहुतेक पाहुणी जहाजाने आलेली. पण मूळ गाव सांगून झाल्यावर नाना त्या पाहुण्यांना एकेक करून आत घेतात आणि पुन्हा खिचडी घेताना म्हणतात, “ही भूक नाही बरं का, ही चव आहे. वेगळं खातं.”

मागच्या वर्षी आषाढीला त्यांनी जाहीर केलं, की या वेळी खरी एकादशी होईल. फराळ तयार असो नसो, अस्सल भूक लागल्याशिवाय कणही घेणार नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून अमेरिकेतला आणखी एक प्रयोग सांगितला. १९६८ साली शॅक्टर आणि ग्रॉस या दोघांनी काही लोकांना खोलीत बसवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी चाळा केला; कुणासाठी ते पळवलं, कुणासाठी रेंगाळवलं. जेवणाची वेळ झाली असं ज्यांना वाटलं, त्यांतल्या स्थूल मंडळींनी जास्त बिस्किटं खाल्ली. “म्हणजे पोट नव्हे, घड्याळ जेवत होतं!” नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. “सामान्य माणूस असाच फसतो.” माई पलीकडे बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांचं लक्षच नाही.

आषाढीच्या दिवशी नानांचा फोन कपाटात असतो, कारण सकाळपासून त्यावर पांडुरंगाच्या खालोखाल खिचडीचे फोटो येतात आणि ते ‘बाह्य प्रलोभन’ या सदरात मोडतात. मनगटी घड्याळ त्यांनी निवृत्त झाल्या दिवशीच उतरवलं. उरलं भिंतीवरचं. माईंना साडेबाराला विठ्ठलमंदिरात भजनाला पोचायचं होतं. नानांची अस्सल भूक रोज एकच्या ठोक्याला लागते; आणि ती लागेपर्यंत ओटा आवरता येत नाही, हे माईंचं जुनं दुखणं.

मी साक्षीला गेलो तेव्हा भिंतीवर पाऊण वाजला होता. माझ्या फोनवर पावणेबारा. मी माईंकडे पाहिलं. त्या टाळ पुशीत होत्या.

बरोबर एकाच्या ठोक्याला, म्हणजे भिंतीवरच्या, नाना ताठ बसले. डोळे मिटले. पोटावर हात. “हळूहळू आली,” ते पुटपुटले. “साडेबारापासून चढतीय. पाण्याने गेली नाही. दोडका…” थोडा वेळ गेला. “खाईन. दोडकासुद्धा खाईन!” त्यांचे डोळे उघडले तेव्हा त्यात समाधान होतं, पाचशेची करकरीत नोट उजेडात धरून सगळं जागच्या जागी सापडल्यावरचं. रजिस्टरात नोंद झाली : ‘१.००. लक्षणे संपूर्ण. कडकडून. खरी.’ खाली सही, त्याखाली माझी. मी सही केली. शेजारधर्म म्हणून एक गोष्ट असते, आणि वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर असं ताट माझ्यासाठीही वाढलेलं होतं.

पंचावन्न मिनिटांतली चाळीस वापरून नाना तृप्त झाले. माई तोवर गेल्या होत्या. थोडं लवंडून त्यांनी पंढरपूरची दृश्यं दिसतील म्हणून टीव्ही लावला. भिंतीवर दोन वाजले होते आणि टीव्हीवरची बाई हसतमुखाने एक वाजताच्या बातम्या सांगू लागली.

नानांनी बाईकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चंद्रभागेच्या गर्दीत कुणी ओळखीचं दिसतंय का ते शोधत होतो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी रजिस्टर काढलं, मघाची नोंद पुन्हा वाचली, खोडायला पट्टी घेतली आणि परत ठेवली. पोटावरून एकदा हात फिरवला. मग शेऱ्याच्या रकान्यात, चौतीस वर्षांच्या वळणदार अक्षरात, लिहिलं :

‘भूक खरी. घड्याळ खोटे. जप्त केले.’

आणि स्टूल घेऊन ते भिंतीपाशी गेले.