कुलूपवाले अप्पा

सदाशिव पेठेत एखाद्या अमृततुल्यासमोर कुणी गृहस्थ ओणवे होऊन खांबाशी झटापट करताना दिसले, तर ते आमचे अप्पा समजावेत. चहा प्यायला त्यांना पाच मिनिटं लागतात, सायकल बांधायला दहा. सायकल तरी कसली? ब्रेक नावापुरते, घंटीशिवाय बाकी सगळं वाजतं. भंगारवाल्याने तिचा जो भाव केला, त्याच्या तिप्पट किमतीचं कुलूप तिला आहे.

मागच्या चाकाला नुसती कडी लावून निर्धास्त होणाऱ्यांची अप्पांना कीव येते. "अहो, चाक फिरत नाही, कबूल. पण उचलून टेम्पोत घातली की फिरायचंय कशाला?" यावर आपण गप्प. वायरचं रंगीत कुलूप दाखवलं, तर "हा कुत्र्याचा पट्टा! कटर लावला की संपलं," म्हणून ते परत करतात. (दोन्ही बाबतींत त्यांचं खरं आहे, हीच तर अडचण.)

त्यांचं स्वतःचं कुलूप पोलादी, यू आकाराचं. फ्रेम, मागचं चाक आणि खांब, तिन्ही एकाच विळख्यात. आत जागा उरू द्यायची नाही, उरली की चोर पहार घालतो. कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही, टेकलं की हातोडा चालतो. पुढच्या चाकाला वेगळी साखळी. शेवटी सीट उपसायची आणि काखोटीला मारायची. परवा एका मुंजीच्या पंगतीत ती सीट त्यांच्या शेजारच्या पाटावर होती. वाढप्याने तिच्यापुढेही पान मांडलं.

२००४ साली अमेरिकेत एक गंमत झाली. गोल किल्लीची महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या टोकाने उघडतात, असं उघडकीला आलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. तिकडचे लोक ते विसरले असतील, अप्पा नाहीत. तेव्हापासून त्यांच्या खिशात बॉलपेन असतं आणि कुठल्याही स्टँडवर गेले, की लोकांची कुलपं ते तपासून बघतात. निव्वळ लोककल्याण! परंतु रात्री साडेदहाला, सोसायटीच्या जिन्याखाली, टॉर्च तोंडात धरून चाललेलं लोककल्याण नव्या वॉचमनला कसं कळावं? त्याने गचांडी धरली, शिट्टी फुंकली, चारी मजले खाली आले.

आमच्या सोसायटीत सायकलचोर म्हणून आजवर एकच माणूस पकडला गेलाय. तो म्हणजे अप्पा.