दोन टर्बो, एक हौस

स्पोर्ट्स कारला दोन टर्बो बसवायचे ठरले की हौशी मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सगळ्यांत मोठा कुठला?’ इंजिनाला काय झेपेल, ते नंतर.

१९८९च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरमध्ये २.६ लिटरच्या इंजिनाला दोन छोटे टर्बो होते. त्यांची टर्बाइनची चाकं सिरॅमिकची. हलकी, म्हणून चटकन वेग घेणारी. मंडळींनी हौसेने बूस्ट वाढवला आणि चाकांचे तुकडे गोळा केले.

टोयोटाने १९९३च्या सुप्रात वेगळी शक्कल लढवली. आधी एक टर्बो राबायचा, मिनिटाला सुमारे ४,००० फेऱ्यांच्या आसपास दुसरा मदतीला यायचा. नळ्या-झडपांचा हा जमलेला संसार मोडून अनेकांनी काय बसवलं? एकच अगडबंब टर्बो!

मोठं चाक जड. एक्झॉस्टचा पुरेसा रेटा मिळेपर्यंत ते आळस झटकत नाही. तोवर मालक ॲक्सिलरेटर दाबून, लग्नात पंगत उठायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा ताटकळतो. सिग्नल सुटलेला असतो, शेजारची फॅमिली कार पुढच्या चौकात असते.

खरं तर टर्बो निवडायला कंप्रेसर मॅप असतो. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्यावर दाबाचं गुणोत्तर. इंजिनाचे आकडे मांडले की उत्तर समोर. हा आलेख नामवंत उत्पादक फुकट देतात.